इंग्रजी पावती वाचताना



आज आपण इंग्रजीतली एक छोटीशी गोष्ट पाहू. गोष्ट छोटी, पण पावती वाचताना तिचा उपयोग मोठा.

आपण मराठीत काय म्हणतो? उकळलेले पाणी. फाटलेली पिशवी. 'उकळलेले', 'फाटलेली' हे शब्द क्रियापदापासून झाले. व्याकरणात त्यांना धातुसाधिते म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. ती नामाच्या आधी येतात, एवढे ध्यानात ठेवा.

इंग्रजीतही असा शब्द एकटा असला की बहुधा तसेच. 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेले पाणी. 'टोर्न बॅग' म्हणजे फाटलेली पिशवी.

पण त्या शब्दाला शेपूट जोडले, की तो नामानंतर जातो. 'अ लेटर रिटन इन मराठी' हे पाहा. आधी लेटर, म्हणजे पत्र. मग रिटन, म्हणजे लिहिलेले. शेवटी इन मराठी, म्हणजे मराठीत. आपण म्हणू, 'मराठीत लिहिलेले पत्र'. पाहा बरं, क्रम अगदी उलटा झाला! म्हणून इंग्रजी वाचताना नामापाशी थांबू नका. पुढचे शब्द वाचा आणि मग शेवटाकडून अर्थ लावा.

काही शब्द मात्र एकटे असूनही नंतर बसतात. पावतीवर 'अमाउंट पेड' असे असते. म्हणजे भरलेली रक्कम. आता नीट लक्ष द्या हं. 'अमाउंट टु बी पेड' असे असेल तर? ती भरलेली रक्कम नव्हे, भरायची रक्कम! 'पेड' दोन्हीकडे आहे. तेवढाच शब्द ओळखून कोणी म्हणेल, 'चला, पैसे फिटले.' इकडे मुदत टळून जाईल आणि वर दंड बसेल.

जागा बदलली की काही शब्दांचा अर्थही बदलतो. 'पेरेंट्स कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित पालक. 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे काळजीत पडलेले पालक. आपल्याकडच्या कचेऱ्यांत मात्र 'कन्सर्न्ड ऑफिसर' लिहिले, तरी संबंधित अधिकारी असाच अर्थ घेतात.

शब्द ओळखला म्हणजे वाक्य कळले असे नव्हे, हे आम्ही शाळेत मुलांना सांगत असू. तेच आज तुम्हांलाही सांगतो. घरात एखादी इंग्रजी पावती असेल तर ती काढा. 'पेड' शब्दावर बोट ठेवा. त्याच्या आधी काय लिहिले आहे ते वाचा. नाही कळले, तर वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू. पण न वाचता सही तेवढी करू नका.