पोलीस ठाण्यातली पोच

आज पोलीस ठाण्याविषयी बोलायचं आहे, पण विषय आपल्या ओळखीचा आहे. विषय आहे हिशेबाचा.

मासिक बैठकीत आपली सचिव प्रत्येकीचा हप्ता मोठ्यानं वाचते. कुणाचा थकला, ते सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून तर वसुली होते. ज्या गटाची वही चार-चार महिने उघडत नाही, तिथल्या बाया काही वाईट नसतात, पण पैसा अडकतोच. पोलिसांचंही तसंच आहे असं आमचं मत झालंय. काम कसं होणार, ते बऱ्याच अंशी कुणाला आणि कशाचं उत्तर द्यावं लागतं यावर ठरतं.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या तीन शेळ्या रात्री गोठ्यातून गेल्या. गटाच्या कर्जातून घेतलेल्या, हप्ते अजून बाकी. ताई ठाण्यात गेल्या. "अर्ज द्या, बघतो," असं म्हणून कागद घेतला. त्यावर ना शिक्का, ना तारीख. दुसऱ्यांदा गेल्या तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेल्या तर तो कागदच कुणाला सापडेना. मग आम्ही पाच जणी सोबत गेलो. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच मागितली. मिळाली नाही. त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवला. आठ दिवसांत ठाण्यातून फोन आला, गुन्हा नोंदला गेला आणि एफआयआरची प्रत हातात पडली.

शेळ्या मिळाल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण नोंद झाल्यावर शेजारच्या दोन गावांतले लोकही आपापली तक्रार घेऊन गेले. तोवर त्यांच्या चोऱ्या कागदावर नव्हत्याच. एकाच टापूत इतक्या चोऱ्या दिसल्यावर रात्रीची गस्त सुरू झाली. जे लिहिलेलंच नाही, त्याची गस्त कोण घालणार?

मग ठाणं नोंद करायला का टाळतं? आळस असतो, कधी ओळखीपाळखीही असतात. पण एक कारण आपल्याला दिसत नाही. ठाण्याच्या अधिकाऱ्यालाही वर उत्तर द्यावं लागतं. वरून नुसतं "तुमच्याकडे गुन्हे वाढले कसे?" एवढंच विचारलं, तर खाली सोपा उपाय निघतो, गुन्हे लिहायचेच नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची एनसी करायची, नाहीतर साधा अर्ज घेऊन ठेवायचा. म्हणजे हिशेब घेतला जातो, पण चुकीच्या गोष्टीचा. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी छापणारी सरकारी संस्थाच आपल्या अहवालात सांगते की नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं समजू नये. तेव्हा वर्तमानपत्रात "तालुक्यात गुन्हे वाढले" असं वाचलं की लगेच ठाण्याला नावं ठेवू नका. कदाचित तिथं बायांना परत पाठवणं थांबलं असेल.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूनं बराच स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. काही गुन्ह्यांत आधी चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, पण ती वरिष्ठांच्या परवानगीनं आणि १४ दिवसांत. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं. आणि बलात्कार, ॲसिड हल्ला अशा बाईवरच्या ठरावीक गुन्ह्यांची खबर नोंदवली नाही, तर त्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा होऊ शकते.

हे आपोआप आलेलं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलेल्या त्या दोघांना सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, बायांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या बाईवरचा बलात्कार वेगळा गुन्हा ठरला. संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर न्यायालयानं ते धरून चालायचं, असंही ठरलं.

पोलिसांविरुद्ध तक्रार पोलिसांकडेच कशी करायची, हाही प्रश्न असतो. प्रकाश सिंह हे स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. त्यांच्या याचिकेवर २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं राज्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा केला, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला. गडचिरोलीच्या बाईनं त्यासाठी नागपूर गाठायचं, हे आम्हाला काही पटत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून तेवढं लांब कोण जाईल? उत्तर मागायची जागा जवळ हवी.

हवालदाराशी भांडायला मात्र आम्ही सांगत नाही. गणपती, निवडणुका, जत्रा, सगळीकडे तोच उभा असतो आणि वरची बोलणीही तोच खातो. नीट बोलावं, पण कागद सोडू नये.

आमच्या ग्रामसंघात आता बचतीच्या वहीशेजारी आणखी एक वही आहे. कोण कधी ठाण्यात गेली, कुणाला भेटली, त्यांचा बक्कल नंबर काय, काय उत्तर मिळालं, पोच दिली का, एवढंच त्यात लिहितो. दोन-तीन महिन्यांनी ठाण्याच्या साहेबांना भेटायला जातो तेव्हा ती सोबत नेतो. पहिल्या भेटीत चहासुद्धा विचारला नव्हता. दुसऱ्या भेटीत साहेबांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि ठाणे अंमलदाराला आत बोलावलं.

अर्जाचा नमुना आणि वहीचे रकाने आमच्याकडे तयार आहेत. ज्या गटाला हवेत, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना कोरी वही घेऊन यावी, आपण तिथंच आखून देऊ.