मीपणा आणि मूल्यनिष्ठा

(शासकीय सेवेत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



अहंकार वाईट, हे सांगण्यासाठी आपल्याला येथे बोलावण्याची आवश्यकता नव्हती. ते आपण घरीच ऐकले आहे. कठीण आहे ते निराळेच. एखाद्या गोष्टीवर आपण ठाम राहतो, तेव्हा आपल्या मुखाने आपले मूल्य बोलत असते की आपला मीपणा, हे त्या क्षणी ओळखता येत नाही. दोघांचीही भाषा तत्त्वाचीच असते.

सांख्य दर्शनाने सृष्टीचा क्रम सांगताना प्रकृतीपासून बुद्धी आणि बुद्धीपासून अहंकार उत्पन्न होतो, असे मानले आहे. अहंकार बुद्धीच्या पाठोपाठ येतो, ही मांडणी मला फार मार्मिक वाटते. म्हणूनच निर्बुद्ध माणसाच्या अहंकारापेक्षा बुद्धिमान माणसाचा अहंकार अधिक अवघड असतो. त्याच्याजवळ प्रत्येक हट्टासाठी एक कारण तयार असते. फ्रॉइडने ज्याला साध्या जर्मन भाषेत 'मी' म्हटले, त्याचे इंग्रजी भाषांतरकारांनी लॅटिन 'ईगो' केले आणि आज तो शब्द आपल्या कचेऱ्यांतून सर्रास वावरतो. आपला जुना 'मीपणा' हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळचा होता, हे जाता जाता सांगतो.

तत्त्वचर्चा येथेच सोडून एका प्रसंगाकडे वळू. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोग्यांच्या शोधासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती घेतली जात होती आणि त्यामुळे शहरात संताप होता. या वेळी गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चासंबंधी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. वय अवघे एकतीस वर्षांचे. त्यांची साक्ष उत्तम झाली होती आणि नाव होऊ लागले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी तेथे सैनिकांच्या वर्तनाविषयी अत्यंत गंभीर आरोप जाहीरपणे केले. दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा व त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचा तो आरोप 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रातून प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारने तो साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

गोखले परतले तेव्हा परिस्थिती बिकट होती. २२ जून रोजी रँडवर हल्ला झाला होता, जुलैअखेरीस टिळकांना अटक झाली होती आणि सरकार चवताळले होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुढे येऊन साक्ष देण्यास धजेना. त्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते. ते गोखल्यांनी केले नाही. नावे सांगायची नाहीत आणि पुरावा देता येत नाही, मग उरले काय? न्यायमूर्ती रानड्यांचा सल्ला घेऊन त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर व बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नर, प्लेग समिती आणि सैनिक या साऱ्यांची.

या माफीने पुण्यात त्यांची मोठी अप्रतिष्ठा झाली. भ्याडपणाचा ठपका आला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमरावतीस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनातही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही. त्या माफीबद्दल आजही मतभेद आहेत. पुणेकरांच्या तक्रारी सरसकट खोट्या नव्हत्या आणि माफीची भाषा गरजेपेक्षा जास्त नमती होती, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्याची गोष्ट ही की, मीपणासाठी सोप्या वाटा दोन होत्या. पत्रलेखकांची नावे पुढे करून स्वतः मोकळे होणे ही एक, किंवा पुरावा नसताना आरोप तसाच रेटून लोकप्रिय होणे ही दुसरी. दुसऱ्या वाटेने तर कदाचित तुरुंगवासाचे तेजही लाभले असते. गोखल्यांनी दोन्ही नाकारल्या. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे आणि ज्यांनी विश्वास टाकला त्यांना उघडे पाडू नये, या दोन मूल्यांची किंमत त्यांनी स्वतःच्या नावलौकिकाने चुकती केली.

ही भीती होती की निष्ठा, याचे उत्तर पुढच्या आचरणात शोधावे. अपमानित माणूस सहसा घरात बसतो किंवा शत्रू मोजत बसतो. गोखले १८९८ मध्ये पुण्यातच प्लेगनिवारणाच्या कामाला लागले. १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर गेले आणि १९०२ पासून कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलात त्याच सरकारच्या अंदाजपत्रकाची आकडेवार चिरफाड करू लागले. माफी मागितली म्हणून त्यांची टीका बोथट झाली नाही. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांना घ्याव्या लागणाऱ्या सात प्रतिज्ञांत, देशाला प्रथम स्थान देण्याबरोबरच, कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही अशीही एक प्रतिज्ञा होती. सार्वजनिक कामाचा नाश मतभेदांपेक्षा मानापमानाने अधिक होतो, हे त्यांनी जवळून पाहिले असले पाहिजे.

आणखी एक लहानशी गोष्ट. १९०४ साली सरकारने दिलेला सी. आय. ई. हा किताब त्यांनी स्वीकारला. १९१४ साली देऊ केलेला 'सर' पदवीचा किताब मात्र नाकारला. मान घेणे म्हणजे अहंकार आणि नाकारणे म्हणजे निरहंकार, असे सोपे गणित मांडू नये. नकाराचाही फार मोठा अहंकार असू शकतो.

आता आपल्या टेबलाकडे या. सातबाऱ्यावर वारसाचे नाव चुकीचे लिहिले गेले आहे. शेतकरी चार वेळा येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये लेखनातील चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. तरीही प्रकरण अडते. कारण दुरुस्ती केली तर 'मी सही केलेली नोंद चुकली' असे होते. मग 'नियमात बसत नाही' हे उत्तर येते. येथे नियमाच्या तोंडून मीपणा बोलतो आणि त्याच्या पायी एखाद्या कुटुंबाचे पीककर्ज त्या हंगामात राहून जाते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला अपिलाचा मार्ग दिला आहे. अपील करणारा माणूस आपला अपमान करत नाही, आपला निर्णय तपासून मागतो. अपील दाखल झाल्यावर त्याच अर्जदाराचे दुसरे काम रेंगाळू लागले, तर त्या कचेरीत काय घडते आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. नम्रतेच्या नावाखाली वाकणेही मीपणाच असू शकतो, कारण वरिष्ठांची मर्जी हेही स्वतःचेच हित. बेकायदेशीर गोष्टीवर सही करण्यास सांगितले गेले, तर नकार दिलाच पाहिजे. तो आवाज चढवून देऊ नये, तसा तोंडी व मोघमही देऊ नये. टिपणीवर नियमाचा उल्लेख करून, आपल्या नावाने व दिनांकासह लिहावा. तसे लिहिताना 'मला विचारले नाही' हे कारण मनात डोकावत असेल, तर टिपणी एक दिवस बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी. कालमर्यादा अर्थातच सांभाळावी.

येथे थांबतो. उरलेला वेळ आपल्या शंकांसाठी ठेवला आहे आणि आपल्यापैकी काहींना गोखल्यांची माफी पटलेली नाही हे चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. तेव्हा प्रारंभ तेथूनच करावा.