भाकरीतील लोह आणि आतड्याची वेस

आपण जेवून ताटावरून उठतो आणि अन्न पोटात गेले म्हणजे ते शरीराचे झाले असे मानून कामाला लागतो. शरीरशास्त्राला मात्र हे मान्य नाही. मुखापासून गुदद्वारापर्यंतची अन्नवाहिनी ही दोन्ही टोकांना उघडी असलेली एक लांब नळी आहे. त्या नळीच्या पोकळीतला घास आपल्या पोटात असला, तरी खऱ्या अर्थाने तो अद्याप शरीराबाहेरच असतो. नगर शहराच्या माळीवाडा वेशीशी धान्याची गाडी येऊन उभी राहिली, एवढ्याने ते धान्य घरोघरच्या कणगीत पडत नाही. तसेच हे आहे. घासाचे सूक्ष्म घटक व्हावे लागतात, आणि ते घटक आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरावे लागतात. पहिल्या क्रियेला पचन म्हणतात, दुसरीला शोषण. या दोहोंतील अंतर किती मोलाचे आहे, हे आज आपण बाजरीच्या भाकरीच्या निमित्ताने पाहू.

बाजरीच घेण्याचे कारण असे. अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, तो बव्हंशी पर्जन्यछायेतला. खरिपाची बाजरी आणि रब्बीची ज्वारी यांवर तेथील पिढ्या पोसल्या. बाजरीत लोह तांदळापेक्षा पुष्कळ अधिक. असे असूनही महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळून आले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. परंतु लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. मग प्रश्न असा पडतो की, ताटातले लोह जाते कोठे?

भाकरीचा पहिला घास तोंडात घेऊन सावकाश चावा. थोड्या वेळाने तो किंचित गोड लागू लागतो. लाळेतील पाचक द्रव्याने पिठातल्या पिष्टाचे शर्करेत रूपांतर करण्यास आरंभ केल्याची ती खूण. घास गिळला की अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत त्याला जठरात पोहोचवतात. जठर ही नुसती थैली नव्हे. तिच्या भिंतीतून तीव्र अम्ल स्रवते, प्रथिने फोडणारा रस स्रवतो, आणि दोनचार तास अन्न घुसळले जाऊन त्याची पातळ पेज होते. या अम्लाची थोरवी सहसा कोणी सांगत नाही. पण पिठात अडकून बसलेले लोह सुटे करण्यास तेच प्रथम साहाय्य करते.

जठरातून ही पेज थोडीथोडी करून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरते. हा भाग सुमारे बारा बोटे लांब, म्हणून त्यास द्वादशांगुल म्हणतात. येथे यकृताकडून पित्त येते व ते स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करते. स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व स्निग्धांश या तिघांचेही विघटन पुढे नेतो. पुढचे आतडे कित्येक हात लांब असून त्याच्या आतल्या अंगाला मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्या सर्वांचा पृष्ठभाग पसरून मांडला, तर सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या ऐसपैस दिवाणखान्याएवढा भरेल. शर्करा, प्रथिनांचे घटक, जीवनसत्त्वे आणि क्षार येथूनच आत घेतले जातात. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो. तेथे त्यातील पाणी शोषले जाते व तेथील जंतू कोंड्याचा काही भाग आंबवून आपल्या उपयोगाचा करतात.

आता लोहाकडे वळू. लोहाचे शोषण मुख्यतः द्वादशांगुलातच होते, आणि ही वेस मोठी कडक आहे. रक्तस्राव वगळला, तर शरीरातील जादा लोह बाहेर टाकण्याचे स्वतंत्र साधन निसर्गाने आपल्याला दिलेले नाही. म्हणून सारे नियंत्रण प्रवेशाच्या जागीच ठेवलेले आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह ३ ते ४ ग्रॅम. रोज आत घेतले जाते ते अवघे १ ते २ मिलिग्रॅम. साठा भरलेला असला की यकृत एक संदेशद्रव्य पाठवून दार आवळते. साठा आटला की दार सैल होते.

परंतु दार सैल असूनही धान्यातले लोह आत येईलच, असे नाही. बाजरीच्या दाण्यात फायटिक अम्ल नावाचे द्रव्य असते. कोवळ्या रोपासाठी दाण्याने करून ठेवलेली ती स्फुरदाची शिदोरी होय. हे द्रव्य लोहाला घट्ट कवटाळते आणि लोह त्याच्यासकट शरीराबाहेर निघून जाते. भाकरी पचली, पिष्टाची साखर झाली, अंगात बळ आले. लोह मात्र वेशीबाहेरच राहिले!

याला तोड काय, याचा एक महत्त्वाचा प्रयोग याच नगर जिल्ह्यात झाला. हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून, बियाण्याची निवड करीत करीत, अधिक लोहाची बाजरी सिद्ध केली. हेच वाण पुढे ‘धनशक्ती’ या नावाने २०१४ साली देशभरासाठी प्रसृत झाले. जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींचे दोन गट करून एका गटाला या बाजरीच्या आणि दुसऱ्याला साध्या बाजरीच्या भाकऱ्या सहा महिने देण्यात आल्या. आरंभी यांतील सुमारे दोन-पंचमांश मुलांचा लोहसाठा रिता होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांच्यात लोहाची उणीव होती, त्यांपैकी लोहसंपन्न भाकरी खाणाऱ्यांची उणीव भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून अधिक होती. याच प्रयोगातील काही मुलांच्या अवधानात व स्मरणातही सुधारणा आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. वर्गात पेंगणारे मूल आळशीच असते असे नाही, हा बोध पालकांनी यातून अवश्य घ्यावा.

बियाणे सुधारणे हे शास्त्रज्ञांचे काम. परंतु वेशीचे दार थोडे अधिक उघडणे हे गृहिणीच्याही हाती आहे. क जीवनसत्त्व लोहाला विद्राव्य रूपात राखते आणि फायटिक अम्लाच्या मगरमिठीतून सोडवते. श्रीगोंद्याची लिंबे आणि राहात्याचे पेरू सर्वत्र प्रसिद्ध आहेत. भाकरीबरोबर लिंबाची फोड पिळणे, जेवणात पेरूची कोशिंबीर ठेवणे, हे केवळ रुचीसाठी नाही. मात्र लिंबू त्याच जेवणात हवे. सकाळचे सरबत रात्रीच्या भाकरीच्या कामी येत नाही. धान्य भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवले, तर फायटिक अम्लाचा बराचसा भाग विघटित होतो. आपल्या आजीबाईंची आंबील या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हणावी लागेल. उलट जेवणावर लगोलग चहा घेण्याची शहरी सवय घातक. चहातील तुरट द्रव्ये लोहाला पुन्हा बांधून टाकतात. चहा अगदी हवाच असेल, तर तो जेवणापासून तासदीड तास दूर असू द्यावा.

एक सूचना मात्र करून ठेवतो. रक्तक्षय बळावलेला असेल, धाप लागत असेल, चेहरा पांढुरका पडला असेल, तर लिंबावर विसंबून राहू नये. रक्त तपासून घ्यावे. जंत, अतिस्राव वा दुसरा एखादा विकार मुळाशी आहे काय, हे वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

श्रोतेहो, आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी बसणारी जी व्यक्ती असते, ती बहुधा स्त्री असते. आणि लोहाची गरज तिलाच सर्वांत अधिक असते. भाजी संपलेली, लिंबू संपलेले, उरलेली भाकरी आणि वर चहा, असे तिचे जेवण. पचन तिचेही होते; शोषण मात्र अपुरे राहते. आज रात्री पाने मांडताना लिंबाची एक फोड तिच्यासाठी आधी काढून ठेवा.