जंगलातून गेलेलं ज्ञान जंगलाकाठी परत यावं



 आपण जमलो आहोत त्या सावंतवाडीच्या वर आंबोलीचा घाट आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडणाऱ्या एका इवल्याशा माशामुळे ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरली. खाली दोडामार्गाकडे तिलारीचं जंगल आहे. वेळ काढून दोन्ही ठिकाणी जरूर जा. 

वनविद्या, पर्यावरण आणि वैद्यक यांतलं संशोधन सर्वांसाठी खुलं असावं, या विषयावरच्या परिषदेचं स्वागताध्यक्षपद एका काजू बागायतदाराकडे का दिलं, असं काहींना वाटेल. याचं उत्तर आमच्या बागेतल्या पाचोळ्यात आहे. काजूचा हंगाम आला की आमच्याकडे माकडतापाचाही हंगाम येतो.

या तापाची गोष्ट जुनी आहे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ आसपासची माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधला. तो गोचिडीमार्फत माणसापर्यंत पोचतो, हेही त्यांनी दाखवलं. पुढे 1969 मध्ये बोशेल या शास्त्रज्ञाने फार महत्त्वाची गोष्ट मांडली. जंगल तोडून शेती आत सरकते, तिच्यामागोमाग गुरं जातात, गुरांच्या अंगावर गोचिडी पोसल्या जातात आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना रोगाचा धोका वाढतो. हा निबंध एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जंगल आपल्या सह्याद्रीतलं, आजारी पडलेली माणसं तिथल्याच गावांतली. पण 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 च्या सुरुवातीला आमच्या दोडामार्गात माकडताप आला, तेव्हा आम्हा बागायतदारांपैकी कोणाच्या कानावर यातलं अक्षरही आलेलं नव्हतं.

या रोगाने मला एक गोष्ट शिकवली. माकड मरतं तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. मेलेलं माकड पहिल्यांदा दिसतं ते गुराख्याला, नाहीतर वनरक्षकाला. त्याचं शवविच्छेदन करतो पशुवैद्य. तापाच्या रुग्णाचं रक्त तपासायला पाठवतो प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर. या सगळ्यांची खाती वेगळी, त्यांची नियतकालिकं वेगळी. गोचीड मात्र खातं विचारत नाही. वनरक्षकाला वैद्यकाचं आणि डॉक्टरला जंगलाचं ज्ञान वेळेवर मिळालं, तर त्या पाचोळ्यात शिरण्याआधी मजुराला सावध करता येतं. संशोधन खुलं असण्याची गरज आम्हाला अशी, जिवाशी भिडून कळली.

आणि आज परिस्थिती काय आहे? एखादा निबंध विकत घ्यायचा तर अनेक नियतकालिकं अडीच-तीन हजार रुपये मागतात. संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी तिजोरीतून झालेला असतो, तरी वाचायला पुन्हा पैसे. 2002 मध्ये बुडापेस्ट इथून जगभरच्या अभ्यासकांनी हे बदलण्याचं आवाहन केलं. भारताच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनीही आपल्या पैशावर झालेलं संशोधन खुलं करण्याचं धोरण 2014 मध्ये स्वीकारलं. आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी केंद्राने 6,000 कोटी रुपये ठेवले आहेत. सरकारी महाविद्यालयांतल्या मुलांना सुमारे 13,000 नियतकालिकं वाचता येतील, याचा मला आनंद आहे. पण गावातला खासगी डॉक्टर, ग्रामपंचायत, आमची शेतकरी संस्था या योजनेत नाहीत. दार उघडलं आहे ते संस्थांसाठी, माणसांसाठी नाही.

दुसरा एक मार्ग सांगितला जातो, की वाचक मोफत वाचेल आणि पैसे लेखक भरेल. ‘नेचर’ या नियतकालिकाने 2020 मध्ये यासाठी 9,500 युरो दर जाहीर केला. आपल्या कोणत्या जिल्ह्यातला संशोधक एवढे पैसे भरील? वाचणाऱ्याला अडवायचं नाही म्हणून लिहिणाऱ्याला अडवायचं, हा तोडगा मला मान्य नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अध्यापकांचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या शतकाच्या सुरुवातीपासून इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतं. कोइमतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ वन्यजीवांवरचं संशोधन तसंच खुलं ठेवतं. आपल्याच देशात हे होतं आहे, मग ते वाढवायला हवं.

खुलं करणं मात्र अर्धंच काम. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये दिला. त्यात आमच्या सिंधुदुर्गाचा स्वतंत्र विचार होता. हा अहवाल लोकांसमोर आला मे 2012 मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई जिंकल्यावर. अहवाल ग्रामसभांपुढे लोकांच्या भाषेत जावा, असं गाडगीळ सांगत राहिले. मधल्या काळात आमच्या गावांत त्यावर जे वाद पेटले, ते ऐकीव माहितीवर पेटले. बाजूने बोलणाऱ्यांनी तो वाचलेला नव्हता आणि विरोधकांनीही नाही. याचं दुःख मला आजही आहे.

माकडतापाच्या बाबतीतही तेच. सत्तरीच्या काजू कामगारांना तो कसा झाला, यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा 2017 चा निबंध आज कोणालाही मोफत वाचता येतो. पण तो इंग्रजीत आहे. काजू वेचणाऱ्या बाईला तो कोण समजावून सांगणार?

म्हणून या परिषदेत निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला स्वागतसमितीची हात जोडून विनंती आहे. आपल्या निबंधाची प्रत सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवा, आणि त्याचा एक पानाचा मराठी सारांश परत जाण्यापूर्वी आमच्या स्वागतकक्षात द्या. मराठीत लिहिण्याची सवय नसेल तर इथले शिक्षक तुमच्याशेजारी बसून लिहून देतील. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींपर्यंत आणि आरोग्य उपकेंद्रांपर्यंत ती पानं पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतली आहे.