कात्री आणि दुसऱ्याचा डोळा

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नटाची वाखाणणी करतो, गाण्याची चाल गुणगुणतो, क्वचित् छायालेखकाचेही नाव घेतो. संकलकाची आठवण मात्र त्याला सहसा होत नाही. ती होऊ नये, यातच संकलकाचे यश असते. दृश्य कोठे तोडावयाचे, कशास काय जोडावयाचे आणि काय कायमचे टाकून द्यावयाचे, हे ठरविण्याची ही कला होय. एके काळी ती शिकावयाची तर मुंबई, पुणे वा कोल्हापूर गाठून एखाद्या चित्रसंस्थेत उमेदवारी करावी लागे. आज धारच्या किंवा देवासच्या तरुणाला ती घरी बसून शिकता येते. चित्रण करण्यास हातातला भ्रमणध्वनी पुरतो. संकलनासाठी डाव्हिंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती विनामूल्य मिळते आणि केडेनलाइव्ह तर सर्वांस खुलेच आहे. साधनांची अडचण अशी बहुतांशी सरली. प्रश्न उरतो तो संगतीचा. ही कला शिकावयाची ती कोणाबरोबर?

या कलेचा इतिहास पाहिला, तर ती कोणी एकट्याने शिकल्याचे फारसे आढळत नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून यंत्रसामग्री घेऊन आले, तेव्हा त्यांची पहिली सहाध्यायी घरातच होती. सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे आणि तिचे तुकडे जोडणे ही कामे आत्मसात केली, आणि तीही चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून! भारतातील पहिल्या संकलक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पुढे कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी एकत्र घडली. त्यांच्यापैकी काहींनी मिळून १९२९ मध्ये 'प्रभात' उभी केली. ही संस्था १९३३ मध्ये पुण्यास आली आणि तिच्याच आवारात १९६० साली सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. उमेदवारीची जागा अशा रीतीने वर्गाने घेतली; परंतु दोहोंतही शिकणारे एकमेकांच्या शेजारी बसून शिकत होते.

मॉस्कोचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१९ च्या सुमारास तेथे कुलेशॉव्ह यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा एक मेळा जमला होता. कोऱ्या फिल्मची इतकी टंचाई होती, की पुष्कळदा ही मंडळी फिल्मवाचूनच प्रवेश बसवीत. कुलेशॉव्ह यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सूपाच्या थाळीपुढे, एकदा शवपेटीपुढे आणि एकदा एका स्त्रीपुढे जोडला. चेहरा एकच, पण पाहणारांस त्यात भूक, शोक आणि अभिलाषा असे निरनिराळे भाव दिसले. अर्थ एकेकट्या चित्रात नसून दोन चित्रांच्या सांध्यात असतो, हे यावरून स्पष्ट झाले. मात्र हे सिद्ध होण्यास पाहणारा कोणी दुसरा हवा होता. स्वतः जोडणाऱ्यास तो चेहरा कोरा आहे हे ठाऊकच होते!

शिकणाऱ्यास सोबत्यांची गरज नेमकी येथे आहे. समजा, एका तरुणाने पहाटे उठून देवासची टेकडी चढून सूर्योदय टिपला. त्या दृश्यात त्याला स्वतःचे श्रम दिसतात, थंडी दिसते, अवघडून उभे राहिल्याची आठवण दिसते. परक्या प्रेक्षकास दिसतो तो केवळ एक लांबलेला सूर्योदय. ते दृश्य अर्ध्यावर तोडावे, असे चित्रण करणाऱ्यास सहसा सुचत नाही. सुचले तरी हात धजत नाही. त्या श्रमांची ज्याला कल्पना नाही असा दुसरा डोळाच हे सांगू शकतो.

दूर दूर राहून यंत्रांच्या द्वारे एकत्र शिकणाऱ्या मंडळांची परीक्षाही याच कसोटीवर व्हावी. पुष्कळ ठिकाणी देवघेव चालते ती क्लृप्त्यांची: दृश्य गरकन् कसे फिरवावे, अक्षरे कशी चमकवावीत, रंग कसे भडक करावेत. या गोष्टी निरुपयोगी नव्हेत. पण त्या यंत्रालाही येऊ लागल्या आहेत. बोलण्यातल्या रिकाम्या जागा आज यंत्र आपल्या आपण कापते. मात्र त्यांपैकी कोणती जागा रिकामी नसून बोलकी आहे, याचा विवेक माणसालाच करावा लागतो. लग्नाच्या चित्रफिती जोडून पोट भरू पाहणाऱ्या लहान गावच्या तरुणाने केवळ क्लृप्त्याच शिकल्या, तर उद्या त्याचे काम यंत्र घेईल. विवेक शिकला, तर यंत्र त्याचे हत्यार होईल.

मग मंडळाने करावे काय? एकच कच्चे चित्रण दहा जणांनी घ्यावे आणि प्रत्येकाने आपापल्या परीने जोडावे. धार जिल्ह्यात होळीपूर्वी भरणाऱ्या भगोरिया हाटाचेच चित्रण घ्या. एक जण गर्दीपासून आरंभ करील. दुसरा आधी ओस वाट दाखवून तिच्यावर मांदळाचा नाद ऐकवील आणि मग नाचणारे पाय दाखवील. तुकडे तेच, परंतु दुसऱ्यात उत्कंठा आली. कारण आवाज चित्राच्या आधी पोहोचला. असे दहा नमुने शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे जे शिकावयास मिळते ते शंभर क्लृप्त्यांनी मिळत नाही.

पवारांच्या या दोन्ही नगरांस अशी साधना अपरिचित नाही. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला येऊन राहिले आणि तेथे त्यांची शिल्पशाळा नांदली. दगडातील नको ते काढून टाकणे हीच शिल्पकाराचीही विद्या. १९४८ मध्ये देवासला आलेले कुमार गंधर्व आजारपणामुळे काही वर्षे गाऊ शकले नाहीत. त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, आणि पुढे त्या धुनांतून नवे राग उभे राहिले. दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकणे, हीही शिक्षणाची एक पायरीच होती.

नव्या साधनांनी धार आणि देवास यांना दूरदूरचे सहाध्यायी मिळवून दिले आहेत. त्यांच्याकडून केवळ शाबासकी न मागता 'यातले काय टाकू?' एवढे विचारण्याची सवय तरुणांनी लावून घेतली, आणि सोबत्यांनी त्याचे उत्तर आस्थेने व निर्भीडपणे दिले, तर पुण्यापासून दूर असलेल्या या गावांतही चांगले संकलक तयार होण्यास अडचण पडू नये.