बंद गाड्यांवर चालणारा धंदा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचमध्ये बँकेतले आहेत, शिक्षक आहेत, मुंबईत मोठ्या हुद्द्यावर असलेले आहेत. तरी संयोजकांनी एका टोचनवाल्याला बोलायला उभं केलं, त्याबद्दल त्यांचे आभार. विषय दिलाय, 'धंदा कसा उभा केलास ते सांग.' तेवढंच सांगतो.

आपण शाळेत होतो तेव्हा रेडीत ट्रक म्हणजे खनिजाचा ट्रक. खाणीतून बंदरावर, बंदरावरून खाणीत, आणि आपले गणवेश तांबडे. आपला द्विभुज गणपतीसुद्धा १९७६ साली खाणीतच सापडला, तोही एका ट्रकवाल्याला झालेल्या दृष्टान्तावरून. त्यामुळे गावात ट्रकवाल्याला थोडा मान होता. मीही पुढे डंपरवरच बसलो, पलीकडे गोव्यात. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर, वेल्डर, मेकॅनिक एकदम घरी आले. पुढची काही वर्षं मी मिळेल ती गाडी चालवली. त्या फिरण्यात एक गोष्ट दिसत होती. किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या वाढत होत्या. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये मोपाचा, आणि भाड्याच्या गाड्या घेऊन फिरणारे वाढले. गाडी बंद पडली की मात्र सावंतवाडी नाहीतर म्हापशाहून क्रेन येईपर्यंत माणूस रस्त्याकडेला बसून.

मी जुना ट्रक घेऊन त्याच्यावर सरकता हौदा बसवून घेतला, ज्याला फ्लॅटबेड म्हणतात. हूकवाली क्रेन स्वस्त पडली असती. पण हल्लीच्या ऑटोमॅटिक गाड्या चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढता येत नाहीत. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि आतले भाग तापून जातात. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की तिची मोटर उलटी वीज तयार करायला लागते. अशी गाडी सरळ उचलून पाठीवर घ्यायची, हेच बरं. दोरी बांधून टोचन करायचे दिवस आता जुन्या जीपगाड्यांपुरते उरलेत.

कर्ज देताना साहेबांनी विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक कोण?" प्रश्न बरोबर होता. आपल्या धंद्यात गिऱ्हाईकाला स्वतःलाच माहीत नसतं की तो आज आपलं गिऱ्हाईक होणार आहे. पेपरात जाहिरात देऊन काय होणार? गाडी बंद पडली की माणूस आधी आजूबाजूला बघतो आणि समोर जो दिसेल त्याला विचारतो. म्हणून मी त्या 'समोर दिसणाऱ्या' माणसांकडे गेलो. पंपावरची पोरं, पंक्चरवाले, रिक्षावाले, चहाच्या टपऱ्या, सातार्ड्यापासून मळेवाडपर्यंतचे गॅरेजवाले, चौकीवरचे पोलीस, शिरोडा-आरवलीकडचे घरगुती राहण्याची सोय करणारे. प्रत्येकाकडे एक कार्ड, आणि कार्डावर नंबराच्या खाली दर: किलोमीटरचा, रात्रीचा, वाळूतला. दर छापल्यामुळे काही जण हसले. एक गॅरेजवाला म्हणाला, "रे, दर सांगूचो नसता, माणसाचो चेरो बघून घेवचो असता."

यावर माझं मत पक्कं आहे. रात्री अकरा वाजता आंबोली घाटात धुक्यात पोराबाळांसह उभा असलेला माणूस मागाल ते देतो. पण दुसऱ्या दिवशी तो ज्याच्याकडे उतरलाय त्याला सगळं सांगतो, आणि आपल्याला पुढचं काम देणारा तोच असतो. गॅरेजवाल्यांना कमिशन मी देत नाही. गाडी मालक सांगेल त्याच गॅरेजला सोडतो. त्यामुळे दोघे-तिघे रुसले, बाकीच्यांना ते पटलं.

पहिल्या महिन्यात चार फोन आले. हप्ता भरायला बायकोच्या बांगड्या गेल्या. मग एक संध्याकाळ आली. शिरोड्याच्या एका वहिनींचा फोन, "पाव्हण्यांची गाडी वेळागराक रुतली हा, येतंस?" सव्वापाच वाजले होते. तिथी दशमी. आपल्याकडच्या रापणकारांचा हिशोब तुम्हाला आठवत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दहाचे साडेसात. म्हणजे पाणी चढत होतं आणि गाडी ओल्या रेषेच्या खाली.

पोचलो तेव्हा मालक ॲक्सिलरेटर दाबून चाकं आणखी खोल घालत होता आणि त्याचा मेहुणा मागे ढकलत होता. आधी गाडी बंद करायला लावली, मुलांना वर सुरूच्या झाडांत पाठवलं आणि दर सांगितला. माणूस म्हणाला, "तिप्पट देतो, पण लवकर करा." कार्ड हातात दिलं. माझा ट्रक कडक जमिनीवरच ठेवला, कारण तो रुतला तर दोन गाड्या समुद्राच्या. रुतलेल्या गाडीच्या टायरमधली हवा निम्म्यावर आणली, चाकांमागची वाळू काढून फळ्या सारल्या, विंचचा दोर सरळ रेषेत लावला आणि दोरावर ओली गोणपाटं टाकली. ताणलेला दोर तुटला तर माणसाचा पाय तोडतो, आणि गोणपाट पडलेलं असलं की तो उसळत नाही. मेहुण्याला दोराजवळून हटवायला दोनदा ओरडावं लागलं. गाडी हलली तेव्हा पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. वर काढल्यावरही इंजिन चालू करू दिलं नाही. उचलून गॅरेजला नेली आणि खाली गोड्या पाण्याने धुवायला सांगितलं. खाऱ्या पाण्याचं दुखणं महिन्यानंतर दिसतं.

पैसे कार्डाप्रमाणेच घेतले. त्या वहिनींनी पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या सगळ्या घरांत माझं कार्ड पोचवलं. माझा धंदा खरा तिथून चालू झाला.

विमा कंपन्यांच्या मदत-सेवांचंही काम येतं. फोन दूरच्या शहरातून असतो, त्यांच्या तोंडी आरोंद्याचं 'अरुंधा' होतं आणि नकाशात तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात दिसला की ते गोंधळतात. काम नियमित, पैसे मात्र उशिरा. त्यांपैकी एकीने माझी बिलं पाच महिने अडकवली, तेव्हापासून रोखीचं काम आधी. या धंद्यात येऊ बघणाऱ्यांनी परतीच्या रिकाम्या फेरीचं डिझेल दरात धरावं, नवे लोक तिथेच बुडतात. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ६६ वाचून ठेवावं. बंद गाडी ओढून नेणाऱ्या वाहनाला परमिटच्या अटीतून तिथे सूट दिलेली आहे. नाक्यावर अडवलं तर उपयोगी पडतं.

जाता जाता एक. हा धंदा अमेरिकेत चट्टानूगा गावात अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने १९१६ च्या सुमारास काढला. मित्राची गाडी ओढ्यात पडली, ती दोऱ्या-ठोकळे लावून माणसांच्या बळावर काढताना दमछाक झाली, म्हणून त्याने गाडीवरच क्रेन बसवली. आज तिथे टोचनगाड्यांचं संग्रहालय आहे. आपल्या मुलांना एवढं सांगितलं तरी ती बापाच्या धंद्याला हसायची थांबतात, माझी थांबली.

दुसरी गाडी घेतोय. रात्रीच्या पाळीला ड्रायव्हर हवा आहे, अवजड वाहनाचा परवाना असलेला, दारू न पिणारा, आणि घाटात एकटी बाई अडकली असेल तर आधी आपला आणि गाडीचा फोटो तिच्या घरच्यांना पाठवून मग निघणारा. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जेवताना मला सांगा.