एम.ए. इंग्रजीचे पेपर आणि आपला प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला उच्च शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. शिका, हे आता आपल्याला कोणी सांगायची गरज उरलेली नाही. आपल्या आयाबायांनी धुणीभांडी करून मुलं कॉलेजात पाठवली. पण कॉलेजात गेल्यावर कोणता पेपर घ्यायचा आणि कशासाठी घ्यायचा, हे सांगणारं माणूस घरात नसतं. मी इंग्रजीचा शिक्षक आहे. यंदा आपल्या वस्तीतून तीन मुली आणि एक मुलगा एम.ए. इंग्रजीला गेले, म्हणून तेवढ्यापुरतेच बोलतो.

आधी माझी चूक सांगतो. मी एम.ए.ला होतो तेव्हा भाषाविज्ञानाचा पेपर घ्यायचा की दुसरा एखादा सोपा, असा पर्याय होता. विभागातल्या एका सरांनी सांगितले, "तुम्हा लोकांना ते जड जाईल, सोपा घ्या." मी घेतला. माझ्याबरोबरचे दोघे मित्रही तोच घेत होते. एवढाच माझा विचार! मार्क बरे पडले, पेढे वाटले. पुढे प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षेला बसलो तर भाषाविज्ञानाच्या प्रश्नांपुढे हातच चालेना. दोनदा नापास झालो, तिसऱ्या खेपेला पास. मधल्या तीन वर्षांत घर चालावं म्हणून माझी धाकटी बहीण बारावीनंतर कामाला लागली, ती परत कॉलेजात गेलीच नाही. ती आज इथे समोरच बसलेली आहे. एका पेपरची किंमत घरातलं दुसरंच कोणी भरतं, हे मला तेव्हा कळलं.

आता दुसरे उदाहरण. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची, मुख्य विषय अर्थशास्त्र. त्या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले. त्याशिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. एकूण ६०! ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तो सेमिनार अर्थशास्त्राचा नव्हता, मानववंशशास्त्राचा होता. पदवीचा विषय एक होता, पण मनातला प्रश्न जातीचा होता. त्या प्रश्नाला जिथे जिथे उत्तर सापडेल, त्या वर्गात ते जाऊन बसले. कोर्सची निवड कशी करावी याचा एवढा मोठा धडा आपल्या घरातलाच आहे, पण आपण तो फोटोला हार घालून मोकळे होतो.

आपल्या मुलांना ६० कोर्स मिळणार नाहीत, हे खरे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.ए.ची नवी रचना आली. दोन वर्षे, चार सत्रे, प्रत्येक सत्रात २२ क्रेडिट, एकूण ८८. त्यातले बहुतेक पेपर सक्तीचे असतात. साधारणपणे प्रत्येक सत्रात ४ क्रेडिटचा एक पेपर आपल्या निवडीचा, म्हणजे दोन वर्षांत फक्त चार संधी. शिवाय दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिटचा. हे चार पेपर आणि एक प्रकल्प, एवढेच आपल्या हातात आहे. म्हणून ते मित्र कुठे बसलाय ते बघून ठरवायचे नाहीत.

मग कसे ठरवायचे? प्रवेश घेतल्याबरोबर चारही सत्रांचा अभ्यासक्रम मिळवा आणि एका मोठ्या कागदावर मांडा. त्याच्या शेजारी नेट परीक्षेचा इंग्रजीचा अभ्यासक्रम ठेवा. त्यात दहा घटक आहेत : नाटक, कविता, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य, भाषा आणि तिचे अध्यापन, भारतातील इंग्रजी, संस्कृती-अभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे साहित्य-सिद्धांत आणि संशोधनपद्धती. आपल्या सक्तीच्या पेपरांत यातले काय येते त्यावर खूण करा. जिथे खूण नाही ते आपले भगदाड. निवडीचा निदान एक पेपर त्या भगदाडासाठी ठेवा, मग तो कितीही जड म्हणोत. परीक्षेत विषयाच्या पेपरला १०० प्रश्न आणि २०० मार्क असतात. वर्गात टाळलेला घटक तिथे आपल्याला गाठतोच.

दुसरा पेपर पोटापाण्याचा घ्या. भाषा-अध्यापन, भाषांतर, जे मिळेल ते. प्राध्यापकी नाही मिळाली तरी हातात काम राहील.

तिसरा आणि चौथा पेपर आपल्या प्रश्नासाठी. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या मुलांना कोणी म्हणतं, "तुम्ही दलित साहित्य घ्या, तुम्हाला सोपं." तर कोणी म्हणतं, "तुमचंच पुन्हा काय शिकायचं?" दोन्ही बोलणी सोडून द्या. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' या दोन्ही पुस्तकांचे माया पंडित यांनी केलेले इंग्रजी अनुवाद २००८ साली आले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८चे, त्याचा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद २०१५ साली आला. दिल्लीचा विद्यार्थी हे फक्त इंग्रजीत वाचतो. आपली मुलगी मूळ मराठी वाचते, आणि त्यातली बोली तिच्या आजीच्या तोंडची असते. त्या बोलीचं इंग्रजीत काय झालं, काय उतरलं आणि काय सांडलं, हा पक्का संशोधनाचा विषय आहे. पण तो तोलायला भाषाविज्ञान लागतं, समीक्षा लागते. म्हणजे तो सोपा नाही. आपला म्हणून घ्या, सोपा म्हणून घेऊ नका. आणि शेक्सपिअरवर काम करावंसं वाटलं तर तेही खुशाल करा, त्यावर कोणाचा सातबारा नाही!

प्रकल्पाचा विषय पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरवा, म्हणजे पुढचे दोन पेपर त्या दिशेने घेता येतात. कॉलेजात एकच पर्याय ठेवलेला असेल तर सत्र सुरू होण्याआधी पाच-सहा जणांनी मिळून लेखी अर्ज द्या. तोंडी बोललेलं हवेत जातं. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर ऑनलाइन कोर्स असतात, त्यांचे क्रेडिट धरतील का हे विभागाला आधी विचारा. पात्रतेसाठी एम.ए.ला आपल्याला ५० टक्के पुरतात, पण ध्येय तेवढंच ठेवू नका.

आईवडिलांना एकच विनंती. पेपर कोणता, ते तुम्हाला नाही कळलं तरी चालेल. पण "हा पेपर का घेतलास?" एवढं मुलीला जरूर विचारा. तिला तुम्हाला मराठीत समजावून सांगता आलं, तर समजा तिनं विचार करून घेतला. "सगळ्यांनी घेतला म्हणून" असं उत्तर आलं, तर तिला परत विचार करायला लावा. आणि एम.ए. होईपर्यंत स्थळं बघू नका.

समितीला सुचवतो की, विहाराच्या कपाटात एक खण यासाठी द्यावा. ज्यांचं एम.ए. झालं त्यांनी अभ्यासक्रम, जुने प्रश्नपत्र आणि वह्या तिथे आणून ठेवाव्यात, आणि जूनमधल्या एका रविवारी नव्या मुलांबरोबर बसून तो मोठा कागद भरून द्यावा. माझ्या वह्या मी आजच आणल्या आहेत. त्यात भाषाविज्ञानाचीही आहे, नापास झाल्यावर बसून लिहिलेली. पहिल्यांदा ती माझी बहीण उघडेल असं तिनं मला काल सांगितलं. मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालायचं तिच्या मनात आहे.